आधी कात्री, मग आकार

मुंबई दूरदर्शनवरची नाटकं, मुलाखती, गाण्याच्या मैफली अनेक मराठी घरांत आधी कॅसेटवर आणि मग डीव्हीडीवर उतरवलेल्या आहेत. त्या संगणकावर घेताना पहिली चूक होते ती सॉफ्टवेअर निवडताना. एकच प्रोग्रॅम सगळं करील या आशेने महागडं पॅकेज घेतलं जातं. त्याची मुळीच गरज नाही.

डीव्हीडीवरचं चित्रण एमपीईजी-२ पद्धतीचं असतं, ४.७ जीबीच्या तबकडीत साधारण दोन तास. जाहिराती काढायला लॉसलेसकट किंवा अ‍ॅव्हिडेमक्स पुरे. दोन्ही मोफत. मूळ चित्र पुन्हा न घडवता त्यांतून तुकडे कापता येतात, त्यामुळे दर्जा तसूभरही घटत नाही. काप मात्र की-फ्रेमवरच, म्हणजे पूर्ण चित्र साठवलेल्या चौकटीवरच, नीट बसतो. जाहिरातीचा अर्धा सेकंद मागे राहिला, तर राहू द्यावा.

आकार कमी करायला हँडब्रेक, तोही मोफत. इथे घाई नको. भारतातल्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात आणि प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची बनते. ती जुळवून एकसंध न करता, म्हणजे डीइंटरलेस न करता, फाइल लहान केली, तर तबल्यावर फिरणाऱ्या बोटांना कंगव्यासारखे दाते दिसू लागतात. नंतर ते काढणं फार अवघड.

एच.२६४ ही संकोचनाची पद्धत निवडून दर्जाचा आकडा १८ ते २२ ठेवावा. आकडा लहान तितकं चित्र चांगलं. एच.२६५ जागा आणखी वाचवतं, पण जुन्या टीव्हीवर ते चालेलच असं नाही.

आणि नवी फाइल शेवटपर्यंत पाहून झाल्याशिवाय मूळ डीव्हीडी कुणीही टाकू नये.