पाळकाच्या सुट्टीचा वार

पाळकांच्या सेवानोंदीसाठी एका परिषदेच्या कार्यालयाने नुकताच नवा फॉर्म काढला. त्यात ‘साप्ताहिक सुट्टीचा वार’ या रकान्यात ‘रविवार’ आधीच छापून ठेवला आहे. कराड-चिपळूण रस्त्यावरच्या विखुरलेल्या मंडळ्या सांभाळणाऱ्या आमच्या एका वाचक पाळकांनी तो खोडून ‘सोमवार’ लिहिले. फॉर्म परत आला. खाडाखोड चालणार नाही, वार बदलण्याचे कारण पंच कमिटीच्या शिफारशीसह लेखी द्यावे, असा शेरा त्यावर होता.

या पाळकांचा रविवार कसा जातो ते त्यांनी पत्रात लिहिले आहे. सकाळी कराडला शब्बाथ शाळा आणि उपासना. प्रभुभोजन असेल तर एक वाजतो. दोन आजाऱ्यांना भेटून दुपारच्या एसटीने पाटण, तिथे घरसभा, आणि दिवस मावळताना कोयनानगर. तिथली उपासना संध्याकाळीच ठेवावी लागते, कारण जलविद्युत प्रकल्पावरचे काहीजण पहिली पाळी संपवून येतात, तर काहींना आशीर्वाद झाल्या झाल्या रात्रपाळीला पळायचे असते. परतीची गाडी चुकली की मुक्काम कोणाच्या तरी क्वार्टरमध्ये. आणि सोमवारी सकाळी अकराला परिषदेची मासिक सभा, गैरहजर राहिल्यास खुलासा. रविवारी पाळक काय करतात हे ज्या कार्यालयाला ठाऊक नाही, त्याने पाळकांच्या सेवाशर्ती ठरवाव्यात, हे आम्हाला मान्य नाही.

यावर कार्यालयाचे उत्तर ठरलेले असते. मत्तय 12 मध्ये प्रभूच सांगतो की याजक मंदिरात शब्बाथ मोडतात तरी निर्दोष ठरतात, मग पाळकांनी तक्रार का करावी? बरोबर. गणना 28 प्रमाणे शब्बाथ दिवशी रोजच्या होमार्पणावर आणखी दोन कोकरे असत, म्हणजे याजकाचे काम त्या दिवशी वाढतच असे. पण याच मंडळींनी 1 इतिहास 24 उघडून पाहावा. याजकांचे चोवीस वर्ग होते आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली होती. 2 इतिहास 23 मध्ये शब्बाथ दिवशी कामावर येणारे आणि कामावरून सुटणारे असे दोन्ही गट दिसतात. आपण कधी सुटणार हे याजकाला माहीत होते. आमच्या पाळकाला ते माहीत नाही.

कोयनानगरच्या त्या उपासनेला बसणारा ऑपरेटर पाळी संपली की लॉगबुकात नोंद करतो, संच पुढच्या माणसाच्या हवाली करतो आणि घरी जातो. संचही देखभालीसाठी ठरवून बंद ठेवले जातात. कोयनेचे जे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवतात, त्यालासुद्धा कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. पाळकाच्या वेळेला मात्र मर्यादा घालायला कोणी तयार नाही.

गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 10 जून 1890 पासून मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. ते सत्यशोधक होते, आपल्या मंडळीतले नव्हते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान सातही दिवस उघडे ठेवायला परवानगी दिली, पण कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी द्यावीच लागते. कापडदुकानातल्या पोराला कायद्याने जे मिळते ते पाळकाला मागून मिळत नाही. अनुवाद 5 मध्ये विसाव्याचे कारण दिले आहे ते मिसरातल्या गुलामीचे, आणि दास, दासी, बैल, गाढव या सर्वांची नावे घेऊन आज्ञा केली आहे. त्यातून पाळकाला कोणी वगळले?

आता पाळकांशीही स्पष्ट बोलतो. एवढ्या वर्षांत एक दिवस सुट्टी घेतली नाही, असे निरोपसमारंभात अभिमानाने सांगणारे आपल्यात कमी नाहीत. निर्गम 16 मध्ये सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना मिळूनही सातव्या दिवशी गोळा करायला निघालेले काही लोक होते. त्यांना काही मिळाले नाही, आणि देव त्यांच्यावर रागावला. सोमवारी अर्जांवर सह्या करणारे, दाखले लिहिणारे, मंडळीतल्या भांडणांचे फोन घेणारे पाळक त्याच वाटेने चालले आहेत. त्यांच्या पाळकीणबाई आणि मुले यांना विचारा, घरात शब्बाथ कधी आला होता.

बंधूंनो, कार्यालयाची वाट पाहू नका. शेजारच्या पाळकाशी जोडी करा. तुमचा सोमवार, त्यांचा मंगळवार. तातडीचा निरोप आला तर सुट्टी नसलेल्याने जावे. मयत असेल तर जावेच लागेल, विहिरीत पडलेल्या बैलाला शब्बाथ दिवशीही कोण बाहेर काढणार नाही, असे प्रभूनेच विचारले. पण तो दिवस त्याच आठवड्यात भरून घ्या. हिशेब आणि दाखले शनिवारपर्यंत उरका. रविवारी रात्री फोन एखाद्या पंचाकडे सोपवा आणि सोमवारी झोपा, मुलांना घेऊन धरणाकडे फिरायला जा, उपदेशाची तयारी म्हणून नव्हे तर स्वतःसाठी स्तोत्रे वाचा.

आणि पंचांनो, येत्या वार्षिक सभेत एवढाच ठराव करा: आमच्या पाळकांची साप्ताहिक सुट्टी सोमवार राहील, त्या दिवशी मंडळीची किंवा परिषदेची कोणतीही सभा त्यांच्यावर लादू नये, आणि बदली पाळकाचा प्रवासखर्च मंडळी देईल. अध्यक्ष व चिटणीस यांची सही घ्या, प्रत परिषदेला स्पीड पोस्टाने पाठवा. दुसरी प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकापासून असे ठराव करणाऱ्या मंडळ्यांची नावे आम्ही छापणार आहोत.