आधी सरळ झाड जाते

कोऱ्हाळे बुद्रुकपासून बारामती, इंदापूरपर्यंत नीरा डाव्या कालव्यावर भिजणाऱ्या शिवारातल्या बांधांवरच्या बाभळी नीट पाहा. बहुतेक वाकड्या, दुबेळक्याच्या, कमरेच्या उंचीवरच फांद्या फुटलेल्या. सरळ सोटाची बाभूळ शोधावी लागते. शेळ्यांसाठी होणारी फांदेतोड याला कारण आहेच, पण आमच्या मते त्याहून मोठे कारण सौद्यात आहे. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा असो की फळ्या, गिऱ्हाइकाला हवे ते सरळ झाड, आणि आपण तेच आधी देत आलो. मागे राहिलेल्या वाकड्या झाडांच्या शेंगा शेळ्यामेंढ्यांनी खाल्ल्या, त्यांच्या लेंड्यांतून बी शिवारभर पडले. आज उभी आहेत ती झाडे त्याच बियांची.

तोडीचा दिवसही मालक ठरवत नाही, नड ठरवते. लग्न, दवाखाना, बोअर. व्यापारी बांधावर येतो, नजरेने अंदाज घेतो आणि उक्ता आकडा सांगतो. वखारीचा हिशेब आपल्या वाचकांना पाठ आहे: घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी. १० फूट लांबीच्या सोटाचा घेर २ फूट असेल तर अडीच घनफूट लाकूड, ४ फूट असेल तर १०. घेर दुप्पट, लाकूड चौपट. शिवाय जाड सोटाच्या फळ्या निघतात, बारीक सोट सरपणात जातो. ऐन भरण्याच्या वयात तोडलेले झाड मालकाचे नुकसान करते आणि आरा गिरणीचेही.

घाईच्या तोडीचा धडा नीलगिरीनेही दिला आहे. १९८० नंतरच्या दशकात अनेक राज्यांत शेतकऱ्यांनी ती लावली. लागण एकदमच झाली, त्यामुळे तोडही एकदमच आली. दशकाच्या अखेरीस भाव कोसळले आणि अनेकांनी बुंधे उकरून टाकले. उसाच्या खोडव्यासारखी त्याच बुंध्यातून पुढची तोड मिळाली असती. त्याच सुमारास, १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांना कच्चा माल शेतकऱ्यांकडून घ्यायला सांगितले. पुढे १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलतोडीला लगाम बसला. मागणी बांधाकडे वळली तेव्हा अनेक बांधांवर बुंधेच नव्हते.

रोपे किती लावली हे आपण दरवर्षी मोजतो. कोणते झाड, कोणत्या घेराला तोडले, याची नोंद मात्र क्वचितच कुणी ठेवतो. वखारवाल्यांनी उक्ता सौदा सोडून मापाने खरेदी सुरू केली, तर चांगले झाड आणखी काही वर्षे राखण्यात मालकाला स्वतःचा फायदा दिसेल. सावलीने ऊस मार खातो ही त्याची तक्रार खरी आहे. तिथे ताठ वाढणारी रामकाठी बाभूळ लावा.

रोपवाटिकावाल्यांना आमची विनंती वेगळी आहे. उन्हाळ्यात शेंगा पिकल्या की बी एकसोट झाडाखालूनच गोळा करा, त्या झाडाला चुन्याची खूण करा आणि बियाण्याचे पैसे मालकाला किलोवर मोजून द्या. दरवर्षी काही हातात पडणार असेल, तर नडीच्या वेळी कुऱ्हाड आधी दुसऱ्या झाडाकडे वळेल.