तत्त्व कोणतं बिघडलंय ते सोडा, डब्यात काय आहे ते विचारा



हल्ली ओपीडीत एक नवा प्रश्न ऐकू येतो. "डॉक्टर, माझं अग्नितत्त्व वाढलंय म्हणतात. खरं का?" विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा पिशवी असते. तिच्यातून मशरूमच्या कॅप्सूलचा डबा निघतो, एखादा तांब्याचा पिरॅमिड किंवा यंत्र निघतं, आणि एक रंगीत तक्ता निघतो: कोणतं बोट म्हणजे कोणतं तत्त्व, कोणतं तत्त्व म्हणजे कोणता अवयव. कुणी हे शिबिरातून आणलेलं असतं, कुणाला कोहमाऱ्याच्या चौकात भेटलेल्या ओळखीच्या एजंटने दिलेलं असतं. सोबत शब्दही येतात: ऊर्जा, प्राण, ची, ताओ, पवित्र भूमिती.

ताओ हा चीनचा जुना पंथ. 'ची' म्हणजे त्यांच्या कल्पनेतली प्राणशक्ती. तत्त्वं, आकृत्या आणि वनस्पती या तिन्ही गोष्टी त्यांच्या साधनेत आहेत, आपल्याकडेही आहेत. विकणारे या तिन्ही एका गाठोड्यात बांधून विकतात. मला ते गाठोडं सोडायचं आहे, कारण आतल्या तीन वस्तू सारख्या नाहीत. तत्त्व हा शब्द आहे, आकृती हे चित्र आहे. वनस्पती मात्र रसायन आहे आणि ती पोटात गेली की थेट लिव्हरला भेटते.

आधी तत्त्वं. आपली पंचमहाभूतं सगळ्यांना पाठ आहेत: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. चीनची पाच वेगळी: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. त्यांच्या यादीत वारा नाही, आकाश नाही. आपल्या यादीत लाकूड नाही, धातू नाही. जुन्या ग्रीकांकडे मुळात चारच. आपल्या जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. त्या तिबेटी लोकांच्या परंपरेत तर दोन्ही याद्या आहेत. वैद्यकात आपल्यासारखी, ज्योतिषात चीनसारखी! चिनी तक्त्यात यकृत म्हणजे लाकूड आणि फुप्फुस म्हणजे धातू. मग गोंदियाच्या माणसाचं फुप्फुस धातूचं मानायचं की वायूचं? एक्स-रे मात्र बीजिंगला काढा नाहीतर देवरीला, न्यूमोनिया सारखाच दिसतो.

कुणी म्हणेल, डॉक्टर, हे रूपक आहे, शब्दशः घेऊ नका. मान्य. आपले पूर्वज सृष्टी समजून घ्यायला ही भाषा बोलले, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण रूपक असेल तर त्यावरून औषध सांगू नका. रूपकाचा डोस ठरत नाही.

आकृत्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. 'पवित्र भूमिती' म्हणून जे पाच घनाकार विकले जातात, त्यांची तत्त्वांशी जोडी प्लेटो या ग्रीक तत्त्वज्ञाने लावली होती: घन म्हणजे पृथ्वी, चार त्रिकोणी बाजूंचा पिरॅमिड म्हणजे अग्नी, वगैरे. त्याचा ताओशी संबंध नाही, वेदांशीही नाही. दारावर लावायच्या अष्टकोनी आरशाभोवतीच्या रेघा ही चीनची बाग्वा. अखंड किंवा तुटक अशा तीन रेघा, म्हणून आठ जोड्या. शाळेतलं गणित आहे. श्रीयंत्रात एकमेकांत गुंफलेले नऊ त्रिकोण असतात. ते घरी देवघरात असेल तर जरूर पूजा करा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पाण्याचा तांब्या पिरॅमिडखाली ठेवून ते पाणी शुगरवर देतात, त्यावर आहे.

आणि शरीरात आकाराला खरंच महत्त्व असतं, ते आपल्या पूर्व विदर्भाला कुणी शिकवायला नको. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक घटक बदललेला असतो, फक्त एक. तेवढ्याने ऑक्सिजन कमी पडला की गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि मूल हाडं धरून रडतं. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचं वर्णन छापलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. ही भूमिती सूक्ष्मदर्शकाखाली कुणालाही दिसते, तिच्यासाठी दीक्षा लागत नाही. अशा मुलाला भरपूर पाणी लागतं. "जलतत्त्व जास्त झालंय, पाणी कमी पाजा" असा सल्ला कुणी त्याच्या आईला दिला, तर तो सल्ला त्या मुलाला दवाखान्यात भरती करू शकतो. आणि "ऊर्जा शुद्ध होईपर्यंत गोळ्या थांबवा" म्हणून हायड्रॉक्सीयुरिया बंद केलं, तर दुखण्याचे झटके परत येतात. पिरॅमिड निरुपद्रवी आहे असं म्हणणाऱ्यांना मी हे आठवण करून देतो. नुकसान तांब्याचा पत्रा करत नाही. तो घेतल्यावर जी गोळी बंद होते, ती करते.

आता वनस्पती. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे ताओवाल्यांच्या हाती खरोखर काहीतरी लागलं होतं.

चौथ्या शतकात चीनमध्ये गे होंग नावाचा ताओपंथी किमयागार होऊन गेला. तातडीच्या उपचारांच्या त्याच्या पुस्तकात थंडीतापावर एक कृती आहे: छिंगहाव नावाच्या वनस्पतीची मूठभर पानं पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच जातकुळीतली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६७ मध्ये, चीन सरकारने मलेरियावर औषध शोधायचं गुप्त काम सुरू केलं. त्यातल्या संशोधक तू यूयू जुने ग्रंथ चाळत होत्या. या वनस्पतीचा अर्क कधी चाले, कधी चालत नसे. गे होंगच्या कृतीत उकळायला सांगितलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. उष्णतेने औषधी गुण जात असेल म्हणून त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. १९७१ मध्ये तो प्राण्यांमधल्या मलेरियावर पूर्ण लागू पडला. माणसांना देण्याआधी त्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यातूनच आर्टेसुनेट आलं. आपल्याकडे आशाताई बोट टोचून तपासणी करतात आणि फॅल्सिपेरम मलेरिया निघाला की ज्या गोळ्या मिळतात, त्यांत हेच असतं.

म्हणजे जुनं ते सगळं खोटं, असं मी म्हणत नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. याच गे होंगने दुसऱ्या ग्रंथात हिंगूळ आणि सोन्यापासून अमर होण्याचं औषध कसं करावं तेही लिहिलं आहे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. अशा 'अमृता'च्या गोळ्या खाऊन नवव्या शतकात तांग घराण्याचे मुझोंग, वूझोंग आणि शुआनझोंग हे सम्राट मेले, असं इतिहासकार मानतात. राज्यातले सगळ्यात मोठे जाणकार त्यांच्या पदरी होते. तरी मेले.

माणूस एक, पंथ एक, तत्त्वज्ञान एक. एका कृतीतून मलेरियाचं औषध निघालं, दुसरीतून विष. कोणती कोणती, हे पाच तत्त्वांनी दीड हजार वर्षांत सांगितलं नाही. ते तपासून पाहिल्यावर कळलं. माझं सगळं भांडण एवढ्याचसाठी आहे.

म्हणून "वनस्पतीच आहे, साइड इफेक्ट कसला" हे वाक्य मला सहन होत नाही. ज्याचा इफेक्ट आहे त्याचा साइड इफेक्टही असतो. ब्रुसेल्समध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवण्याच्या दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. नावातल्या साधर्म्याने एका वनस्पतीच्या जागी दुसरीच, ॲरिस्टोलोकिया, आली. शंभरावर रुग्णांच्या, बहुतेक बायकांच्या, किडन्या खराब झाल्या. पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. तिची सख्खी बहीण आपल्याकडेही उगवते: ईश्वरी किंवा सापसंद. धानाच्या बांधावर साप चावला की कुणीतरी तिचं मूळ उगाळायला सांगतंच. वेळही जातो आणि किडनीला घातक तेच आम्लही पोटात जातं.

गुळवेलीचंही तसंच. कोरोनाच्या काळात घरोघर काढे झाले. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांमध्ये लिव्हरला सूज पाहिली आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हरकत मान्य केली तरी प्रश्न उरतोच: संशोधकांना ओळख पटवणं कठीण, तर गल्लीतल्या काढ्यात काय आहे हे कोण सांगणार?

आणि पिशवीतला तो मशरूमचा डबा? ते लिंगझी, ताओ परंपरेतलं अमरत्वाचं भूछत्र. आपण पावसाळ्यात आवडीने खातो त्या सात्या नव्हेत. हे लाकडासारखं कडक असतं. त्यावर अभ्यास झाले आहेत. टाइप २ मधुमेहात हृदयविकाराचा धोका कमी करायला ते वापरावं असा पुरावा नाही, असा निष्कर्ष कोक्रेनच्या २०१५ च्या आढाव्याने काढला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. साखळीतला एजंट हे सांगत नाही. डबे खपवण्यापलीकडचं त्याला कुणी शिकवलेलंही नसतं. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तावीज आणि मंत्रांसह. म्हणून डब्यावर काही छापत नाहीत, कानात सांगतात.

एक चांगलंही सांगतो. ताई ची नावाचा चीनचा संथ व्यायाम म्हाताऱ्या माणसांचं पडणं कमी करतो, गुडघेदुखीतही उपयोगी पडतो. हे तपासलेलं आहे. हातपाय हलतात, तोल सुधारतो, माणसं एकत्र येतात. 'ची' आहे की नाही, गुडघ्याला फरक पडत नाही. शिकायला मिळालं तर शिका, फी फार मागत असतील तर बांधावरून रोज चाला.

तेव्हा पुढच्या वेळी येताना पिशवी लपवू नका. डबा, पुडी, काढ्याची मुळी, सगळं घेऊन या. मी रागावत नाही. इन्सुलिन, सिकलसेलच्या, बीपीच्या, फिटच्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या रुग्णाला दोन-चार दिवसांची सुट्टीही जिवावर बेतते. आणि यातलं काही घेत असताना भूक गेली, मळमळ सुरू झाली, अंगाला खाज सुटली, लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर ते त्याच दिवशी थांबवा आणि लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या. डबा सोबत आणा, रिकामा असला तरी.