वाघ वाढले, जंगल वाढले का?

गेल्या महिन्यात आमच्या आंतर-हाऊस प्रश्नमंजूषेत प्रश्न आला, "भारतात वाघ किती?" उत्तर होते ३,६८२. हा २०२२ च्या गणनेचा अंदाज. २००६ मध्ये हाच आकडा १,४११ होता. सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण कामगिरी खरोखर मोठी आहे. जावा आणि बाली बेटांवरचे वाघ कायमचे संपले. कंबोडियात २००७ नंतर रानात वाघ दिसलेला नाही. आज जगातले सत्तर टक्क्यांहून अधिक वाघ आपल्या देशात आहेत.

पण माझे आजोळ चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून आहे. दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा धान कापणीला आले होते. रानडुकरे पीक लोळवतात म्हणून मामा रात्री जागलीला जात. ते परत येईपर्यंत आजी झोपत नसे. मी म्हणालो, "मामा, मीपण येतो." ते म्हणाले, "तू घरीच राह. तुझ्या मायला काय सांगू मी?" आजीने मला विचारले, "बाबू, वाघ वाढले म्हणतात, पण जंगल वाढलं काय?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. वाघाचे पिल्लू साधारण दोन वर्षांचे झाले की आईपासून वेगळे होते आणि स्वतःचा इलाका शोधू लागते. जवळचे जंगल भरलेले असेल तर त्याची वाट शेतातून जाते. यात चूक वाघाची नाही आणि मामांचीही नाही.

माझा एक मित्र म्हणाला, "मग अशा भागातले वाघ कमी करा." मला हे पटत नाही. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात २००५ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता. २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणावे लागले. गमावणे सोपे असते, परत आणणे फार अवघड.

म्हणून माझे मत असे की, यश मोजताना वाघांबरोबर जंगलाकाठची माणसेही मोजावीत. जंगलालगतच्या गावांत शेतीपंपांना वीज दिवसा मिळावी, म्हणजे निदान पाणी द्यायला तरी कोणाला रात्री शेतात जावे लागणार नाही. दोन जंगलांना जोडणारे पट्टे राखावेत. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी भुयारी मार्ग बांधले आहेत आणि त्यांतून वाघ जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. म्हणजे रस्ता आणि वाघ दोन्ही राहू शकतात.

तिसरी गोष्ट आपल्या शाळेशी जोडलेली आहे. सीमेवरच्या जवानाला आपण रोज आठवतो. जंगलातला वनरक्षक मात्र हातात काठी घेऊन पायी गस्त घालतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ज्या आकड्याला आम्ही टाळ्या वाजवल्या, तो अशा लोकांनी पायी चालून गोळा केला आहे. पुढच्या वेळी आपल्या शाळेत पाहुणे म्हणून एखाद्या वनरक्षकालाही बोलवावे, अशी माझी विनंती आहे.

आणि आजीचा प्रश्न प्रश्नमंजूषेत घालावा. त्याचे उत्तर आपल्या सगळ्यांना शोधावे लागेल.