कर तंबाखूवर, भार शेतकऱ्यावर



१ फेब्रुवारी २०२६ पासून तंबाखूवरचे कर बदलले. सिगारेटवर ४० टक्के जीएसटी आणि शिवाय लांबीप्रमाणे हजार नगांमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क बसले. विडीवरचा जीएसटी मात्र २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याआधी २२ सप्टेंबर २०२५ पासून तेंदूपानावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणला होता. यावर दोन बाजूंनी ओरड झाली. एक बाजू म्हणाली, विडीला सवलत कशाला? दुसरी म्हणाली, सिगारेटवर एवढा कर म्हणजे चोरट्या मालाला आवतण. या गलबल्यात ज्याच्या वावरात हे पान उगवते तो शेतकरी मात्र कोणालाच आठवला नाही.

तुम्ही म्हणाल, रेल्वे-पोस्टाच्या कामगाराला याचे काय? आपल्यापैकी कितीजण शेतकऱ्यांची मुले आहेत हे गँगमध्ये किंवा सॉर्टिंगच्या टेबलावर विचारून पाहा, उत्तर मिळेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तंबाखू घातक आहे. तोंडाच्या कॅन्सरने गेलेल्या सोबत्यांना आपण खांदा दिला आहे. तंबाखूची वकिली मी करत नाही. माझे प्रश्न दोनच आहेत. कराचे ओझे शेवटी कोणाच्या डोक्यावर बसते, आणि तो पैसा कुठे जातो?

थोडा इतिहास पाहू. तंबाखूच्या पानावर उत्पादन शुल्क बसवले ते इंग्रज सरकारने, महायुद्धाच्या खर्चापायी, १९४३ साली. इंग्रज गेले, कर राहिला. किती रान लावले, किती माल निघाला, याचा हिशेब शेतकऱ्याने इन्स्पेक्टरला द्यायचा. परवान्याची वखार असेल त्याने माल साठवायचा. लहान शेतकऱ्याजवळ वखार कुठली? पीक हाती आले की त्याने व्यापाऱ्याचे दार गाठायचे आणि तो देईल तो भाव घ्यायचा. कागदोपत्री कर व्यापारी भरत असे, पण भाव ठरवणाराही तोच! मग तो कर कोणाच्या वाट्यातून वजा होत असेल हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

१९७९ च्या अर्थसंकल्पात चरणसिंग यांनी कच्च्या तंबाखूवरचे हे शुल्क रद्द केले. निर्णय चांगला होता, इन्स्पेक्टरचा जाच गेला. आता कर गेला म्हणजे शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे जास्त पडायला हवे होते. पडले का? दोनच वर्षांनी, मार्च १९८१ मध्ये, बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीला तंबाखूचे हजारो शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. मागणी एकच, घामाचे दाम द्या. तीन आठवड्यांहून अधिक काळ त्यांनी रस्ता सोडला नाही. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ शेतकरी ठार झाले.

कर उठल्यावर भाव मिळाला असता तर ही माणसे घरदार सोडून रस्त्यावर का बसली असती? धडा सरळ आहे. कर वाढला की त्याचे ओझे खाली सरकते आणि कर उतरला की त्याचा फायदा वर जातो. बाजाराची दोरी ज्याच्या हातात, कराचा खेळही त्याच्याच हातात.

हीच कसोटी आजच्या निर्णयाला लावा. विडीवरचे १० टक्के कमी झाले. त्यातला किती वाटा पानाच्या भावात आला? किती हजारी विड्यांच्या मजुरीत आला? सरकारने सूट देताना कारखानदाराला अशी एकही अट घातली नाही. मग गोरगरिबांचे नाव पुढे करून सूट कशाला दिली?

व्हर्जिनिया तंबाखूला गुंटूरचे तंबाखू मंडळ आहे, लिलाव आहे. तिथेही खरेदीदार मोजकेच असतात, पण निदान भाव चारचौघांत पुकारला जातो. विडीच्या तंबाखूला ना मंडळ, ना हमीभाव. २०२५ साली आंध्रात बर्ले तंबाखूचे भाव कोसळले, तेव्हा तिथल्या सरकारला मार्कफेडमार्फत खरेदीत उतरावे लागले. उद्या निपाणीत तशी पाळी आली तर कोण उतरणार?

आता पैशाचा हिशेब. १९७६ च्या कायद्याने विडीवर वेगळा कल्याण उपकर होता. त्यातून विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांसाठी मदत चालायची. सरकारच्याच नोंदीप्रमाणे देशात सुमारे ५० लाख विडी कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्य घरी विड्या वळणाऱ्या बाया. २०१७ साली जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. कर थांबला नाही, उलट २८ टक्के लागला. थांबला तो कामगारांच्या नावावरचा वेगळा गल्ला. आता योजनांना पैसा मिळतो तो सरकारच्या मर्जीने. हे आपल्याला नवे नाही. त्याच २०१७ साली १९२४ पासूनचा रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्पही सामान्य अर्थसंकल्पात विरघळला. वेगळा हिशेब गेला की जाब विचारण्याची जागाही जाते.

सरकार म्हणेल, कर आरोग्यासाठी आहे. ठीक आहे. भारताने तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार फेब्रुवारी २००४ मध्ये मान्य केला. त्याच कराराचे १७ वे कलम सांगते की तंबाखू पिकवणाऱ्याला आणि त्यात राबणाऱ्याला परवडणारा पर्याय उभा करून द्यावा. २०१५-१६ पासून पीक बदलाची केंद्राची योजना तंबाखूच्या राज्यांनाही लागू झाली, त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही आहेत. पण बियाणाची पिशवी दिली म्हणजे पर्याय होत नाही. नव्या पिकाला पाणी लागते आणि बाजार लागतो. जमीन उगवेल ते पिकवायला शेतकरी तयार आहे, त्याला फक्त विकत घेणारा दाखवा. कर गोळा करताना आरोग्य आठवायचे आणि पर्याय द्यायची वेळ आली की तिजोरी रिकामी सांगायची, याला धोरण म्हणत नाहीत, वसुली म्हणतात!

म्हणून आपल्या फेडरेशनने या मागण्या उचलाव्यात असे माझे म्हणणे आहे :

१. तंबाखूच्या कराचा ठरावीक हिस्सा कायद्याने वेगळा काढून तो शेतकऱ्यांच्या पर्यायी पिकांवर आणि विडी कामगारांच्या पुनर्वसनावर खर्च व्हावा.

२. पर्याय उभा राहीपर्यंत विडीच्या तंबाखूला उघडा लिलाव आणि किमान भाव मिळावा.

३. विडीवरची सवलत मजुरीत आणि पानाच्या भावात उतरली का, याची कामगार व शेतकरी प्रतिनिधींसमोर तपासणी व्हावी.

४. कल्याण निधीचा स्वतंत्र हिशेब पुन्हा सुरू व्हावा.

शाखांच्या सभांत हा विषय घ्या, ठराव करा आणि पाठवा. निपाणीच्या रस्त्यावर पडलेल्या १२ जणांनी भाव मागितला होता, भीक नव्हे. तो भाव त्यांच्या मुलांना अजून मिळायचा आहे. तो मागताना रेल्वे आणि पोस्टाचा कामगार त्यांच्या शेजारी उभा दिसला पाहिजे.

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!