मोटारीला बंदुकीची पारख हवी

घरात बंदूक ठेवायची तर किती उंबरे झिजवावे लागतात, ते आपल्या डोंगरी भागातल्या शेतकऱ्याला विचारावे. रानडुकरांपासून पीक राखायला का होईना, बंदूक कशासाठी हवी ते सांगावे लागते. वय २१ पूर्ण हवे. पोलीस चौकशी करतात, मग जिल्हाधिकारी ठरवतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्जासोबत डॉक्टरांचा दाखलाही लागतो. शरीर व मन धड आहे, अर्जदार व्यसनाधीन नाही, असे त्यात लिहून द्यावे लागते.

मोटारीचे तसे नाही. १८ वर्षे झाली की शिकाऊ परवाना, चाचणी झाली की पक्का. खासगी गाडी चालवणाऱ्याला चाळिशीपर्यंत डॉक्टरांचे तोंडही पाहावे लागत नाही. प्रकृतीबद्दल त्याने स्वतःच लिहून द्यायचे. (फिट येते का, या प्रश्नापुढे 'होय' लिहिणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे.)

२०२२ साली भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली पंधरा हजारांवर महाराष्ट्रातली. अमेरिकेत त्याच वर्षी बंदुकीने ४८ हजारांवर बळी घेतले, त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या. मोटारीने ४२ हजारांवर. म्हणून तिथे पुष्कळ जण म्हणतात, बंदुकीला निदान मोटारीइतके नियम लावा. आपली मागणी उलटी असायला हवी.

मोटार ही गरज आहे, बंदूक नव्हे, असे कोणी म्हणेल. मान्य. गाडी कशाला हवी हे विचारू नका, पण प्रकृती विचारा.

पसरणी घाट चढणाऱ्या एखाद्या मधुमेही चालकाचे उदाहरण घ्या. सकाळी इन्सुलिन घेतले, पाचगणीला पोहोचून खाऊ म्हणून नाश्ता टाळला. रक्तातली साखर उतरू लागते, घाम फुटतो, हात थरथरतात, मग डोके चालेनासे होते. बघणाऱ्याला वाटते, हा प्यायला आहे. वळण कोणते आणि ब्रेक कोणता हे त्याला उमगत नाही. अशा रुग्णाने निघण्यापूर्वी साखर तपासावी, खाऊन निघावे, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि चाहूल लागताच गाडी कडेला घ्यावी. मोतीबिंदू असलेल्याने धुक्यात, समोरून दिवे येत असताना घाट उतरू नये. रात्री घोरून दिवसा पेंगणाऱ्यानेही तपासून घ्यावे.

चाळिशीनंतर दाखला लागतो खरा, पण नाडीला हात न लावता शिक्का मारून मिळणारे दाखले काय कामाचे? यात दोष आमच्या व्यवसायाचाही आहे.

बंदूक आपण कुलपात ठेवतो. गाडीची किल्ली मात्र दाराजवळच्या खिळ्यावर, पोराच्या हाताशी. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. चालवणारा १७ वर्षांचा होता, असे पोलिसांनी सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

परवान्याच्या अर्जात एक प्रश्न असतो: चांगल्या उजेडात २५ मीटरवरच्या मोटारीचा नंबर वाचता येतो का? उद्या सकाळी चष्मा असल्यास तो लावून, एकेक डोळा झाकून बघा. घरातल्या आजोबांनाही बघायला सांगा, गाडी ते चालवत असतील तर.