सदऱ्यामागचें वऱ्हाड

नवा सदरा जुन्या कपड्यांशीं जुळत नाहीं, म्हणून त्याला साजेशी विजार, मग जोडे, असें सारेंच नवें घ्यावें, ही समजूत हल्लीं सुशिक्षित घरांत रसिकता म्हणून मिरवते. आम्हांस ती साफ अमान्य आहे. एका नव्या झग्यापायीं खुर्ची, मेज, भिंतीवरचीं चित्रेंही कशीं बदलावीं लागलीं, हें फ्रेंच ग्रंथकार दिदरो यानें १७६९ मध्येंच सांगून ठेविलें आहे.

दोष जुन्या कपड्यांचा नसून पाहणाराच्या दृष्टीचा असतो. पोचमपल्लीचा इकत घ्या. त्याचें सूत विणण्यापूर्वींच बांधून रंगवितात, म्हणून नक्षीच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. त्याखालीं चौकड्यांची विजार घातल्यास दोहोंचेंही हंसें होतें. पण नक्षींतला सर्वांत दबलेला रंग हेरून त्या रंगाची जुनी, साधी विजार काढा, दोहोंसही शोभा येते. सदऱ्याची खालची कड सरळ असेल तर तो बाहेर सोडावा, कमानदार असेल तर आंत खोंवावा. हें शिवणारानें आधींच ठरविलेलें असतें.

कोणी यास कंजुषपणा म्हणतील. म्हणोत बापडे! पगारावर घर चालविणारास सदरा परवडतो, त्यामागून येणारें वऱ्हाड परवडत नाहीं. ज्याला कपाटांत एकही सोबती सांपडत नाहीं, तो सदरा दुकानांतच राहूं द्यावा.